रुमालाखालचा सौदा

आमच्या वैरागसारख्या बाजारगावांत पूर्वी बैलांचा सौदा रुमालाखाली ठरत असे. दलाल विकणाऱ्याचा हात हाती घेई, वर रुमाल टाकी आणि बोटे दाबून भाव सांगे. भोवतालच्यांना आकडा कळत नसे. परंतु रुमाल सर्वांना दिसे. आत काही झाकलेले आहे आणि झाकणारा दलाल आहे, हे पोरासोरांनाही ठाऊक असे.

नाताळासाठी गावी आलेल्या एका तरुणाने मला या रुमालाची आठवण करून दिली. तो पुण्याच्या एका जनसंपर्क संस्थेत नोकरीस आहे. कुमसारात नव्हे, ओसरीवर बसून तो बोलत होता आणि त्याची हकिकत लिहिण्यास त्याची अनुमती आहे. सकाळी अशिलांविषयीच्या बातम्यांची कात्रणे काढावयाची, दिवसभर प्रसिद्धीपत्रके लिहावयाची, पत्रकारांना दूरध्वनी करावयाचे. महिनाअखेर छापून आलेली जागा मोजून, तेवढ्या जागेत जाहिरात दिली असती तर किती खर्च आला असता, याचा हिशेब अशिलापुढे ठेवावयाचा. ही मोजदाद म्हणजे कामाचे मूल्य नव्हे, असे या व्यवसायातील मंडळींनीच 2010 साली बार्सिलोना येथे जाहीर केले. त्याच्या कचेरीत मात्र ती अजून चालते.

एका कारखान्याचे सांडपाणी जवळच्या गावातील विहिरींत उतरल्याची तक्रार होती. याला काम मिळाले ते कारखान्याच्या वृक्षारोपणावर लेख लिहिण्याचे; तोही त्याच गावातील एका शेतकऱ्याच्या नावाने. याने लिहिले, वरिष्ठाने तपासले, तिसऱ्याने सही आणली, चौथ्याने लेख छापून आणला. "फादर, झाडे खरोखरच लावली होती. मी एकही खोटे वाक्य लिहिले नाही. मग झोप का येत नाही?"

हा व्यवसाय मुळातच पापी आहे, असे मी म्हणणार नाही. आपली बाजू मांडण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. 'प्रोपगंडा' हा आज बदनाम झालेला शब्द तर 1622 साली स्थापन झालेल्या रोममधील श्रद्धाप्रसार मंडळाच्या नावातूनच जगभर गेला. अमेरिकेत या व्यवसायाचा पाया घालणाऱ्या आयव्ही ली यांनी 1906 साली, आपले सर्व काम उघडपणे चालते, अशी ग्वाही वृत्तपत्रांना दिली होती. पुढे 1929 च्या ईस्टर रविवारी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर काही तरुणी सिगारेट ओढीत चालल्या. लोकांनी ते स्त्रीस्वातंत्र्याचे पाऊल मानले. त्यामागे एडवर्ड बर्नेज यांची योजना आणि तंबाखू कंपनीचा पैसा होता, हे पाहणाऱ्यांस ठाऊक नव्हते. येथे रुमालच अदृश्य झाला. अन्याय घडतो तो येथेच. कारण कोण बोलत आहे हे कळल्याशिवाय ऐकणारा सावध राहू शकत नाही.

राहिला प्रश्न वाटून घेतलेल्या कामाचा. आपल्याकडे एक चतुर्थांशच दोष, असे चौघांनाही वाटते. धर्मगुरुविद्यालयात आम्हांस एक जुने उदाहरण शिकविले जाई : दुष्कर्मासाठी खिडकीतून चढणाऱ्या धन्याला जाणूनबुजून खांदा देणारा नोकर. नोकरी जाईल या भीतीने त्याने तसे केले तर ते गंभीर पाप नव्हे, असे काही जण मानीत. अकराव्या इनोसंट पोपमहोदयांनी 1679 साली ते मत धिक्कारले. भीतीमुळे दोष हलका होईल, परंतु खांदा आपलाच राहतो.

तरीही वडिलांच्या कर्जाचे हप्ते भरणाऱ्या मुलास 'नोकरी सोड' असे सांगणे मला सोपे वाटले नाही. मी एवढेच म्हणालो, "पुढच्या वेळी लेखाखाली कारखान्याचे नाव घाला, असे सुचवून पाहा." त्याने सुचविले. ते काम त्याच्याकडून काढून घेण्यात आले आणि त्या वर्षी पगारवाढ मिळाली नाही. किंमत त्याने मोजली. सल्ला देणाऱ्याचे काहीच गेले नाही, हे मला विसरता येत नाही.

तो गेल्यावर मी आमच्या शाळेचा वार्षिक अहवाल उघडला. उत्तीर्णांची टक्केवारी मी ठळक अक्षरांत छापली होती. वर्षाच्या मध्यावर ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर गेलेली आणि पुन्हा न परतलेली मुले त्यात कोठेच नव्हती. त्यातही एकही वाक्य खोटे नव्हते.