आई दिसू दे

चि. छकुलीस,


तुझी कथा पोचली, लगेच वाचून काढली. मुलगी शिकायला पुण्याला निघते आणि आई तिला एस.टी. स्टँडवर सोडायला येते, एवढाच प्रसंग तू निवडलास हे फार आवडलं. पण पहिलं पानभर तू सांगत राहतेस की आईच्या मनात भावनांचा कल्लोळ उसळला होता, काळीज तुटत होतं, आसवांचा पूर दाटला होता. त्या पुरात मला आई काही दिसेना. मग तिसऱ्या पानावर, जाता जाता लिहिल्यासारखं, येतं: गाडी फलाटाला लागली तरी आई लोणच्याच्या बरणीचं फडकं सोडून पुन्हा आवळून बांधत होती. गच्च बांधलेलं फडकं ती का सोडते, हे तू सांगितलं नाहीस, म्हणूनच ते मला कळलं. गोष्ट तिथं सुरू होते, पोरी. आधीची पानं काढून टाक. जिवावर येईल, तरी काढ.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सबंध वाच. शाळेतल्या धड्यावर थांबू नकोस. १९३४ ते १९३६ या काळात ती भागाभागांनी निघाली. सोवळ्याच्या वेडापायी बाहेरून आलेली जिन्नसन् जिन्नस धुवायला लावणारे वडील त्यात आहेत. वडील वाईट होते की बिचारे, याचा निवाडा बाई करत नाहीत. घरात काय काय धुतलं जाई, तेवढं सांगतात. आपण हसतो, आणि हसता हसता ते धुणाऱ्या हातांचा विचार येऊन चरकतो. पुढे बाईंच्या यजमानांनी, टिळकांनी, १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. एवढा मोठा घाला सांगतानाही बाईंचा सूर बदलत नाही. माजघरात बसून बोलावं तशाच त्या बोलतात. मराठी गद्यात याहून मोठी शिकवणी मला तरी माहीत नाही.

‘बनगरवाडी’ तू वाचली आहेसच. दुष्काळानं वाडी ओस पडते, त्या शेवटच्या भागात माडगूळकर हळहळ किती कमी करतात, ते पुन्हा बघ.

आता भाषेचं. तुझ्या कथेतली आई म्हणते, ‘स्वतःची काळजी घे आणि संपर्कात राहा.’ बार्शीकडची बाई असं बोलेल का गं? ती म्हणेल, ‘पोचल्या पोचल्या फोन कर. आन् डबा आजच खा, उद्याला आंबंल.’ ही चूक डोळ्यांना दिसत नाही, कानाला लगेच टोचते. म्हणून लिहिलेलं मोठ्यानं वाचत जा. माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार गावोगाव कथाकथन करत. ऐकणाऱ्याला पान मागं उलटता येत नाही. वाक्य पहिल्या झटक्यात पोचलं नाही की मांडवात चुळबुळ सुरू होते. अशा श्रोत्यांपुढं उभं राहिलेल्या लेखकाच्या वाक्यात पाल्हाळ टिकत नाही. मिरासदारांची ध्वनिमुद्रणं मिळतात. ऐकताना ते कुठं थांबतात तिकडे कान दे. हशा पिकण्याआधीचा तो थांबा तुलाही वाक्यात आणता येईल, कधी नुसत्या पूर्णविरामानं.

शेवटी मुलगी खिडकीतून बघते आणि तिला ‘आईचं प्रेम म्हणजे काय ते उमगतं’, असं तू लिहिलंयस. तेही वाक्य नको. गाडी सुटू दे, बस्स. वाचणाऱ्यालाही आई असतेच ना!

दिवाळीला येशील तेव्हा नवा खर्डा आण. तू वाच, मी ऐकेन, मध्ये बोलणार नाही.

तुझे,
आजोबा