बावखलातले कुमुद



आपल्या वसईतल्या जुन्या वाड्यांत बावखल असायचेच. त्याच्या गोड्या पाण्यावर केळी आणि पानवेली वाढल्या. आज कितीतरी बावखले बुजली आहेत. आपल्या धर्मगुरुनिवासामागचे अजून शाबूत आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही हौसेने त्यात जलपर्णी सोडली. जांभळी फुले आली, सर्वांनी कौतुक केले. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती पाण्यावर तरंगत पसरते. बघता बघता तिने सगळे पाणी झाकले. उजेड तळाशी पोचेना, मासे मेले, पाण्याला वास येऊ लागला. अखेर आपल्या युवकांनी कमरेइतक्या पाण्यात उतरून ती उपसली.

मग आम्ही आपल्याकडचे कुमुद लावले. पसरट कुंडीत चिकट माती भरायची, कोंब वर राहील असा कंद रोवायचा, माती उठू नये म्हणून वाळूचा थर द्यायचा. कुंडी आधी वीतभर पाण्यात, भरपूर उन्हात ठेवायची आणि देठ लांबतील तशी खोल उतरवायची. कित्येक दिवस काहीच दिसले नाही. मग एक पान वर आले. आता पानांची सावली आहे, मोकळे पाणीही आहे, मासेही परतले आहेत.

देवाची कृपा माणसाचा स्वभाव पुसून टाकत नाही, त्यालाच पूर्णत्वाला नेते, ही संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आम्ही सेमिनरीत पाठ केली होती. ती उमगली चिखलात हात घातल्यावर. सणासुदीची श्रद्धा झटपट फुलते, पण तरंगत राहते. रोजची जपमाळ, भावाशी केलेला समेट, आजाऱ्याची विचारपूस यांची मुळे तळाशी जातात. ती कोणाला दिसत नाहीत.

बंधुभगिनींनो, हे बावखल भरून गाड्यांसाठी जागा करावी, अशी सूचना धर्मग्राम मंडळापुढे आली आहे. रविवारी गाडी लावताना होणारा त्रास खरा आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पृथ्वीला आपणा सर्वांचे घर म्हटले. आपल्यापुरते ते घर या काठापासून सुरू होते. मत देण्याआधी मिस्सानंतर एकदा तिथे येऊन उभे राहा. ज्यांच्या वाडीत बावखल उरले आहे, त्यांना कंद आम्ही देऊ.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

– आपले धर्मगुरू