आईचा धंदा, मुलीचा वेळ



धर्मशिक्षणाच्या वर्गाला सहावीतली एक मुलगी लागोपाठ तीन रविवार आली नाही. चौकशी केली. ती आजारी नव्हती. आईने बचत गटातून कर्ज काढून पापडाचा धंदा सुरू केला होता. ऑर्डर मोठी होती आणि लाट्या करायला, पापड उन्हात घालायला, धाकट्या भावाला सांभाळायला घरात तीच होती. आईला दोष द्यायला माझी जीभ रेटली नाही. मुलीच्या शिक्षणासाठीच तर ती राबत होती.

बचत गटांनी आपल्या भगिनींच्या हातात पैसा दिला, कित्येकींची सावकाराच्या दारातून सुटका केली, हे कुणी नाकारू नये. पण धंद्याला माणूस लागते, मजूर परवडत नाही आणि हप्ता थांबत नाही. मग घरातले सर्वांत स्वस्त हात कामाला लागतात. बांगलादेशातील खेड्यांतल्या लघुकर्जांचा अभ्यास करून इस्लाम व चो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ साली हेच मांडले. कर्ज घेणाऱ्या घरांत मुलांचे काम वाढले, शाळा मागे पडली आणि झळ मुलींना अधिक बसली.

मुलांनी घरी मदत करू नये काय? जरूर करावी. चौथी आज्ञा आहेच. नाझरेथला येशूनेही योसेफाच्या हाताखाली काम केले असेल. पण लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू आपल्याला भेटतो तो मंदिरात, गुरुजनांमध्ये बसून ऐकताना आणि प्रश्न विचारताना. त्या वयाचे ते काम आहे. मुलांचे शरीर व मन पुरते वाढण्याआधी त्यांना कारखान्यात जुंपू नये, असे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली आपल्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात बजावले. आपल्याकडे तर कारखानाच ओटीवर आला आहे.

२०१६ च्या दुरुस्तीनंतर आपला कायदा चौदा वर्षांखालील मुलाला घरच्या धंद्यात, धोक्याचे काम नसेल तर, शाळा सुटल्यावर व सुट्टीत मदत करू देतो. संध्याकाळी सात ते सकाळी आठ ही वेळ नियमांनी वर्ज्य केली आहे. पण सातनंतर पोळपाट बाजूला ठेवला की नाही, हे पाहायला कुणी निरीक्षक घरात येत नाही. (आणि दोन दणकट हात टीव्हीसमोर रिकामे असताना मुलीचेच हात का लागावेत, हे बापांनी सांगावे.)

कर्ज मंजूर करताना गटाच्या बैठकीत हप्ता कसा फेडणार, एवढेच विचारले जाते. घरातले काम कोण उचलणार, हेही त्याच वेळी विचारायला हवे. परीक्षेच्या महिन्यात हप्ता पुढे ढकलता येईल का, हेही.

त्या मुलीच्या आईशी बोलणे झाले. पुढच्या ऑर्डरला शेजारच्या दोघी लाटायला येणार आहेत. त्यांची मजुरी वजा जाता हाती किती उरेल, याचा हिशेब ती बोटांवर करत होती. फारसे उरत नव्हते.