सडपातळ माणसाची चरबी कुणी मोजावी?

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. वजनकाट्याच्या लेखी दोघंही ठणठणीत. अंगातली चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. लातूरच्या आडत बाजारात, एसटी स्टँडवर, क्लासेसच्या गल्ल्यांत जी अंगकाठी सर्रास दिसते तिचं कोडं या दोन आकड्यांत आहे: हातपाय काटकुळे, खांदे अरुंद, आणि सदऱ्याआड सहज लपून जाणारं पोट. ‘खाल्लेलं अंगाला लागत नाही’ म्हणून घरचे ज्याला आग्रहाने वाढतात, त्याचीच शुगर एक दिवस वाढलेली निघते. वजनकाटा या माणसाला फसवतो हे आता सिद्ध आहे. म्हणून प्रश्न असा की, ज्याला काहीही होत नाही अशा माणसाने एमआरआय करून आपली चरबी आणि आपले स्नायू मोजून घ्यावेत का? आणि त्याने घ्यावेत असं म्हटलं, तर ज्याला ते परवडत नाही त्याचं काय करायचं?

आपल्याकडे वाद घालायची जुनी रीत अशी की आधी पूर्वपक्षाला पोटभर बोलू द्यावं. तो म्हणतो: “चरबी सगळी सारखी नसते. कातडीखालची चरबी बरीचशी निरुपद्रवी. आतड्यांभोवतीची, यकृतात साठणारी आणि स्नायूंच्या धाग्यांत शिरणारी चरबी घातक. ती बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही, काट्यावर कळत नाही. एमआरआय ती वेगळी काढून दाखवतो. पाण्यातला हायड्रोजन आणि चरबीतला हायड्रोजन चुंबकीय क्षेत्रात किंचित वेगळ्या लयीत कंप पावतात. 1984 मध्ये डिक्सन या शास्त्रज्ञाने हा फरक पकडून दोन्हींची वेगळी चित्रं काढायची पद्धत दिली. सीटी स्कॅनसारखा किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, आणि मान ते गुडघा एवढी तपासणी काही मिनिटांत होते. पोटात किती लिटर चरबी, मांडीत किती लिटर स्नायू, यकृतात किती टक्के मेद, सगळं आकड्यांत. मधुमेह होण्याआधी दहा वर्षं ही खबर मिळत असेल, तर ती न घेणं हा निष्काळजीपणा नाही का?”

यातलं शास्त्र मला पूर्ण मान्य आहे. उलट ते आपल्याच मातीतून किती पक्कं झालं आहे हे पूर्वपक्षाने सांगितलं त्याहून ठासून सांगायला हवं. 1993 पासून याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करत आले. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडच्या बाळांचं 3.5 किलो. पुण्याकडची बाळं सगळ्याच मापांत लहान होती, पण स्नायू आणि पोटातले अवयव यांत फार लहान, आणि चरबीत तेवढी लहान नव्हती. 2009 मध्ये पुण्याच्या आणि लंडनच्या निरोगी नवजात बाळांचा एमआरआय करून तुलना झाली. पुण्याची बाळं वजनाने कमी असूनही त्यांच्या पोटाच्या आत अधिक चरबी निघाली. जन्मल्यावर काही दिवसांत! तेव्हा याला आळस, वडापाव किंवा टीव्ही जबाबदार आहे असं म्हणायची सोय उरत नाही. पोटात असताना बाळाला जे कमी पडतं त्याची छाप शरीराच्या घडणीवर राहते. हॉलंडमध्ये 1944-45 च्या उपासमारीत जे गर्भात होते त्यांच्या शरीराला पन्नाशीत साखर नीट पेलवत नव्हती, हेही नोंदलेलं आहे. ज्या मराठवाड्याने 1972 चा दुष्काळ पाहिला, त्याला हे वाचून आपल्या घरातली माणसं आठवली तर नवल नाही.

पण त्या पुणे-लंडन तुलनेत बाळं किती होती? सत्तरच्याही आत. एवढ्याशा गटातून जे कळलं ते देशभरातल्या सडपातळ माणसांच्या उपयोगाचं ठरलं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांचंही तसंच. 2011 मध्ये त्यांनी मधुमेह असलेल्या मोजक्या लोकांना कडक कमी उष्मांकाचा आहार देऊन एमआरआयने पाहिलं, तर आठवड्याभरात यकृतातला मेद उतरला आणि उपाशीपोटीची साखर जागेवर आली. पुढे 2023 मध्ये त्यांच्या गटाने लठ्ठ नसलेल्या 20 मधुमेहींचं वजन कमी करून पाहिलं. त्यातल्या 14 जणांचा मधुमेह मागे हटला. प्रत्येकाची चरबी पेलण्याची मर्यादा वेगळी असते आणि सडपातळ माणूसही ती ओलांडून गेलेला असू शकतो, हा त्यातला धडा. माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. एमआरआयने जे शिकवायचं ते मोजक्या लोकांवरून शिकवलं आहे. आता तोच प्रश्न प्रत्येकाने पैसे भरून यंत्राला पुन्हा विचारला, तर उत्तर तेच येणार: पोटाची चरबी उतरवा, स्नायू वाढवा, साखर आणि रक्तदाब तपासत राहा. ज्या तपासणीने पुढचं पाऊल बदलत नाही, ती निरोगी माणसाला करायला सांगणाऱ्याने आधी कारण द्यायला हवं. 1968 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी चाळणी-तपासण्यांचे निकष लिहिले, त्यांचा गाभाही हाच आहे: नुसतं शोधता येणं पुरेसं नाही, शोधल्यावर करण्याजोगं काही हवं आणि ते सगळ्यांच्या आवाक्यात हवं.

“पण यंत्राऐवजी कंबर मोजायची टेप घ्यावी, तर ती ढोबळ असते,” पूर्वपक्ष अडवतो. “कंबर 92 सेंटिमीटर भरली, त्यात कातडीखालचं किती आणि आतलं किती, टेप कसं सांगणार?” नाहीच सांगणार. पण कुणाची साखर तपासायची एवढं ती सांगते, आणि निर्णय तेवढाच घ्यायचा आहे. भारतीयांसाठी पुरुषाची कंबर 90 आणि बाईची 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेघ 2009 मध्येच ठरली. गावोगावच्या आशा स्वयंसेविका, म्हणजे आपल्या आशाताई, तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म भरतात त्यात कंबरेच्या घेराला गुण आहेत, तंबाखू आणि दारूला आहेत, व्यायाम नसण्याला आहेत, घरातल्या मधुमेहाला आहेत. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचं. टेपही नसेल तर दोरा चालतो: उंचीएवढा दोरा घ्या, दुमडून निम्मा करा, तो कंबरेभोवती पुरला पाहिजे. आणि आपल्याकडे पुरुषाच्या कंबरेला करदोटा असतोच. वजन तेवढंच राहून तो दर वर्षी सैल करावा लागत असेल, तर वाढ कुठे झाली हे वेगळं सांगावं लागत नाही. हा फॉर्म किती ठिकाणी मन लावून भरला जातो आणि भरल्यावर किती जणांची साखर खरोखर तपासली जाते, यावर जिल्ह्याने जीव तोडून काम करावं असं मला वाटतं. सध्याची खरी गळती तिथे आहे.

स्नायूंच्या बाबतीत तर यंत्राची बाजू आणखी लंगडी पडते. स्नायू किती लिटर आहे यापेक्षा तो काय करू शकतो हे वयस्क माणसाच्या जगण्याला जास्त भिडतं. आशियातल्या तज्ज्ञांनी 2019 मध्ये ठरवलेले निकष पाहा: मुठीची पकड पुरुषात 28 किलोच्या आणि बाईत 18 किलोच्या खाली, किंवा हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला 12 सेकंद किंवा अधिक, तर स्नायू झिजल्याची शंका घ्यावी. यातल्या दुसऱ्या चाचणीसाठी लागते ती एक खुर्ची आणि एक घड्याळ.

“मग लोक ऐकत का नाहीत? डॉक्टर वर्षानुवर्षं पोट कमी करा म्हणतात. स्वतःच्या यकृताचं चित्र डोळ्यांनी पाहिलं की माणूस हलतो.” हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो, कारण त्याच्या बाजूने पुरावा आहे. उत्तर स्वीडनमध्ये साडेतीन हजार लोकांवर झालेल्या एका प्रयोगात निम्म्या लोकांना त्यांच्याच मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफीवरून काढलेली चित्रं पाठवली. वर्षभराने त्यांचा हृदयविकाराचा धोका दुसऱ्या गटापेक्षा कमी भरला. फरक मोठा नव्हता, पण होता. तरी त्या प्रयोगात आणखी काय होतं तेही पाहू या. चित्र पाठवल्यावर परिचारिकेने फोन करून ते समजावून सांगितलं होतं आणि त्यांच्या डॉक्टरांनाही ते कळवलं होतं. म्हणजे चित्रामागे माणूस उभा होता. आपल्याकडे निरोगी माणसाला पॅकेज विकलं जातं तेव्हा हातात पडते ती रंगीत फाइल, आणि बोलायला समोर कुणी नसतं. बोलणारं माणूस मिळालं तर सोनोग्राफीवर दिसणाऱ्या फॅटी लिव्हरचं चित्रही तेवढंच बोलकं ठरेल, आणि सोनोग्राफी तालुक्याच्या गावीही होते.

यंत्रात शिरलं की ते फक्त चरबीच पाहतं असंही नाही. मूत्रपिंडावर ठिपका, फुप्फुसात गाठीसारखं काही, यकृतावर डाग, असं न विचारलेलंही समोर येतं. ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’ या प्रकल्पात पहिल्या 1000 जणांची चित्रं रेडिओलॉजिस्टनी बारकाईने पाहिली, तेव्हा 179 जणांत ‘कदाचित गंभीर’ असं काही दिसलं. पुढच्या तपासण्यांनंतर त्यांतल्या 21 जणांत ते खरोखर गंभीर निघालं. पूर्वपक्ष या 21 जणांकडे बोट दाखवेल, आणि त्याचं चूक नाही. पण उरलेल्या दीडशेवर लोकांच्या हेलपाट्यांचाही हिशेब धरा. लातुरातल्या माणसासाठी पुढची तपासणी म्हणजे सोलापूर, पुणे किंवा हैदराबाद, सोबत एक नातेवाईक, लॉजचं भाडं, बुडालेली रोजी आणि महिनाभर झोप न लागलेलं घर. सरकारी आरोग्यसेवा सगळा खर्च उचलते त्या देशात हा भार पेलतो. जिथे आजारपणाचे पैसे सोयाबीन विकून किंवा उसने आणून भरले जातात, तिथे खोट्या शंकेची किंमतही खरीच मोजावी लागते.

आता शेवटचा आक्षेप, नैतिक आणि टोचणारा. “म्हणजे तुमचा न्याय असा: श्रीमंताने चुंबकात झोपावं आणि गरिबाने दोरा गुंडाळावा. साध्या साधनांचं कौतुक नेहमी गरिबांच्याच वाट्याला का?” या प्रश्नाला बगल देता येत नाही. माझं उत्तर असं की श्रीमंतालाही मी दोराच सांगतो आहे. ज्याचं वागणं तपासणीने बदलणार नाही त्याला तिचा फायदा नाही, मग त्याच्या खिशात काहीही असो. आणि एमआरआयवर लातूरचा हक्क मी नाकारत नाही, तो हक्क एकेकट्या गिऱ्हाइकाचा नसून सगळ्या जिल्ह्याचा आहे असं माझं म्हणणं आहे. आज असा स्कॅन करणाऱ्याला जो अहवाल मिळतो त्यात ‘तुमच्या वयाच्या लोकांत तुम्ही कुठे’ असा क्रमांक येतो, आणि जगातला यासाठीचा सगळ्यांत मोठा संग्रह यूके बायोबँकेचा, म्हणजे बहुतांशी गोऱ्या ब्रिटिश माणसांचा आहे. लातूरच्या मुलाचा नीटचा पर्सेंटाइल दुसऱ्याच परीक्षेला बसलेल्या मुलांवरून काढला तर पालक रस्त्यावर उतरतील. शरीराच्या बाबतीत तसंच होत असेल तर ते आपण का मानून घ्यावं?

म्हणून यंत्र वापरायचंच तर लातूरच्या शासकीय वैद्यकीय संस्थेने आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने मिळून काही शे माणसांचा अभ्यास हाती घ्यावा. त्यांत उदगीर-निलंग्याचे शेतमजूर असावेत, ऊसतोडीला जाणाऱ्या बाया असाव्यात, दिवसभर खुर्चीला खिळलेले क्लासचे शिक्षक असावेत. प्रत्येकाची कंबर टेपनेही मोजावी आणि आतली चरबी एमआरआयनेही, म्हणजे आपल्या लोकांत 90 आणि 80 या रेघा योग्य जागी आहेत की खाली आणायला हव्यात हे ठरवता येईल. मग तो बदल आशाताईंच्या फॉर्मात उतरेल आणि यंत्र कधीच न पाहिलेल्या बाईलाही त्याचा लाभ होईल. अनपेक्षित काही दिसलं तर कुणाला काय कळवायचं आणि पुढच्या तपासणीचा खर्च कुणी करायचा, हे पहिल्या माणसाची सही घेण्याआधी मराठीत लिहून ठेवावं लागेल. आणि 1972-73 मध्ये जे आईच्या पोटात होते त्यांना या गटात आवर्जून घ्यावं. ती माणसं आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या शरीरात दुष्काळाने काय ठेवलं हे विचारायचं असेल तर त्याला आणखी उशीर करून चालणार नाही.