आधी डोळे, मग पाय

सनीवेल, कॅलिफोर्निया

चि. अथर्व,



तुला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. जिथे अडेल तिथे आईकडून वाचून घे, पण पत्र पूर्ण वाच.

काल तुझ्या बाबाचा फोन आला होता. या हंगामात कोचने तुला शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात चेंडू फेकणारा दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक ठेवलं आहे आणि चेंडू झेलणारा रिसीव्हर होशील का असंही विचारलं आहे, असं तो म्हणाला. तू चिडून शाळा बदलायची भाषा करतो आहेस, हेही कळलं. तुझा राग मला समजतो. गेल्या वर्षी लहान मुलांच्या संघात तू पायांच्या जोरावर सामने काढलेस, तुझे व्हिडिओ मी पाहिले आहेत. तरी माझं मत सरळ सांगतो. शाळा बदलू नकोस. मन नसेल तर रिसीव्हरही होऊ नकोस. पण मिळालेलं हे बाकावरचं वर्ष शिक्षा समजून फुकट घालवू नकोस.

मी या भागात राहायला आलो तेव्हा सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडे एकाच वेळी जो मोंटाना आणि स्टीव्ह यंग असे दोन क्वार्टरबॅक होते. तुझ्या पिढीला लमार जॅक्सन माहीत आहे, जॉश अ‍ॅलन माहीत आहे. यंगचं नाव तू ऐकलं असशील, पण त्याची कारकीर्द कशी घडली हे तुला कुणी सांगितलं नसेल. फेकही उत्तम आणि धावही उत्तम, अशा क्वार्टरबॅकला काय शिकावं लागतं ते त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात मला स्पष्ट दिसलेलं नाही.

कनेटिकटमधल्या ग्रेनिच हायस्कूलमध्ये तो तुझ्यासारखाच धावणारा क्वार्टरबॅक होता. तिथला खेळच धावण्यावर उभा होता. पुढे तो युटातल्या ब्रिगम यंग विद्यापीठात गेला. या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या ब्रिगम यंग यांचाच तो वंशज. तिथला खेळ मात्र सगळा फेकीवर चालायचा, आणि यादीत त्याचा नंबर होता आठवा. प्रशिक्षकांच्या मनात तर त्याला बचावफळीत मागे खेळवायचं होतं. घरापासून दूर, रडकुंडीला आलेल्या त्या मुलाने वडिलांना फोन केला. वडील म्हणाले, खेळ सोडायचा असेल तर सोड, पण मग घरी राहायला येऊ नकोस. असं बोलणं मला पटत नाही आणि तुझा बाबा तुला असं कधी म्हणणार नाही. त्याच्या घराचं दार तुला कायम उघडं आहे. यंगला लहानपणापासून घर सोडलं की जीव घाबरा होण्याचा त्रास होता, सामन्याच्या आदल्या रात्री झोप लागत नसे, हे त्याने मोठेपणी स्वतः जगाला सांगितलं. म्हणून तुलाही सांगतो, रात्र रात्र झोप येत नसेल तर ते मनात ठेवू नकोस. आईला सांग, नाहीतर मला फोन कर.

यंग आठव्या नंबरवरून वर आला. त्याच्या आधीचा जिम मॅकमॅहन गेल्यावर संघ त्याच्या हाती आला, आणि १९८३ च्या हंगामात त्याने १०० पैकी ७१ हून अधिक फेकी बिनचूक सहकाऱ्याच्या हाती दिल्या. विद्यापीठ पातळीवर तोवर एका हंगामात एवढा नेमका कुणी नव्हता. मग नव्या व्यावसायिक लीगमध्ये लॉस एंजेलिस एक्सप्रेस संघाने त्याला प्रचंड पैसा देऊन घेतलं, ती लीग डबघाईला आली, आणि १९८५ मध्ये तो मुख्य लीगमधल्या टँपा बे बुकेनियर्सकडे आला. तिथे त्याने १९ सामन्यांची सुरुवात केली आणि त्यातले १६ हरला. ११ टचडाउन फेकी, २१ इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेल्या फेकी. संघ दुबळा होता, त्याच्याच संघाची पुढची फळी त्याला वाचवू शकत नव्हती, म्हणून तो चेंडू हातात येताच जीव घेऊन पळायचा. टँपाने त्याला नालायक ठरवलं आणि १९८७ मध्ये ड्राफ्टमधल्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीतल्या, दोन निवडींच्या बदल्यात फोर्टीनाइनर्सना देऊन टाकलं.

फोर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांना त्याच्यात काहीतरी दिसलं होतं. पण जागा रिकामी नव्हती. मोंटाना तेव्हा शिखरावर होता. यंग बाकावर असताना मोंटानाने १९८९ आणि १९९० च्या जानेवारीत लागोपाठ दोन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. चार हंगाम हा माणूस दुसऱ्या क्रमांकावर राहिला. तुला एका हंगामाचा राग येतो आहे, म्हणून हा आकडा लिहिला.

त्या चार हंगामांतली एक धाव लोक अजून काढून बघतात. ३० ऑक्टोबर १९८८, कँडलस्टिक पार्क, मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध सामना. मोंटाना जखमी असल्याने यंग खेळत होता आणि वेळ संपत आली होती. फेकायला कुणी मोकळं सापडेना, तेव्हा तो निघाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याच्या हातातून निसटला, शेवटी दमून पाय अडखळत होते तरी ४९ यार्ड काढून टचडाउनच्या रेषेपलीकडे पडला. सामना २४-२१ असा जिंकला. ही धाव तू बघच. पण बघून झाल्यावर हे लक्षात ठेव की एवढी धाव काढूनही जागा मोंटानाचीच राहिली, आणि ते योग्यच होतं. वॉल्शच्या खेळात क्वार्टरबॅकने तीन किंवा पाच पावलं मागे जायचं, आधी पहिल्या रिसीव्हरकडे बघायचं, तो अडवलेला असेल तर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे. सगळं पावलांच्या तालावर. मोंटाना हे शांतपणे करायचा. यंग पहिला रिसीव्हर अडलेला दिसला की पळायचा, आणि पळून आठ यार्ड मिळवायचा. पण त्याच वेळी तिसरा रिसीव्हर वीस यार्डांवर एकटा उभा असायचा.

तुझे आजोबा कबड्डी खेळायचे. ते म्हणायचे, चढाईला गेलेला गडी साखळी न बघता आत घुसला की हातपाय कितीही चपळ असोत, तो सापडतोच. तुझ्या व्हिडिओत मला हेच दिसलं. तू बहुतेक वेळा पहिल्या रिसीव्हरनंतर दुसऱ्याकडे बघतच नाहीस. लहान वर्गातली मुलं तुझ्यापेक्षा हळू होती म्हणून निभावलं. आता समोर येणारी मुलं तुझ्याइतकीच वेगवान आहेत.

यंगपुढे आणखी एक अडचण होती. उंची सहा फूट दोन इंच, आणि समोर उभी फळी त्याच्याहून उंच. पलीकडचं त्याला धड दिसायचंच नाही. मग कोण कुठे पोचणार ते पाठ करून, तो तिथे पोचण्याआधी चेंडू सोडायला तो शिकला. त्यातून तो डावखुरा, म्हणजे चेंडूची फिरकी उलट्या दिशेने, रिसीव्हरनाही सवय करून घ्यावी लागायची. हे सगळं गर्दीपुढे एका दिवसात जमत नाही. बाकावरच्या वर्षांत, सरावात, रोज थोडं थोडं जमतं.

आता तुझ्यापुरतं सांगतो. दुसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला सरावात पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून आपल्याच पहिल्या बचावफळीविरुद्ध खेळावं लागतं. मुलांना ते हलकं काम वाटतं. मला ते सोन्याचं वाटतं, कारण शाळेतली सर्वांत चांगली बचावफळी आठवडाभर फक्त तुझ्यासमोर असते. तिथे स्वतःला एक नियम घाल: तिसरा रिसीव्हर बघितल्याशिवाय पळायचं नाही. सुरुवातीला तुला रोज पाडतील. पाडू देत. सामन्याच्या दिवशी कोचच्या जवळ उभा राहा, चेंडू सुटण्याआधी मनात ठरव की तू कुठे फेकला असतास, आणि नंतर काय झालं ते वहीत लिहून ठेव. पहिल्या क्वार्टरबॅकशी वैर धरू नकोस. मोंटाना आणि यंग यांच्यात मैत्री कधी फार नव्हती, पण यंगने त्याच्याकडून जे घ्यायचं ते पाहून पाहून घेतलं.

१९९१ मध्ये मोंटानाच्या कोपराची दुखापत लांबली आणि यंगला संघ मिळाला. त्या वर्षापासून सलग चार हंगाम फेकीच्या गुणांकनात तो साऱ्या लीगमध्ये पहिला. १९९२ आणि १९९४ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू. तरी लोक दर रविवारी त्याची मोंटानाशी तुलना करायचे, कारण दोन वर्षं लागोपाठ डॅलसने त्याला सुपर बोलच्या दारातून परत पाठवलं होतं. शेवटी २९ जानेवारी १९९५ ला मायामीत सॅन डिएगोविरुद्ध त्याने सहा टचडाउन फेकी केल्या. सुपर बोलमधला मोंटानाचा पाच फेकींचा विक्रम मोडला, तो आजही यंगच्या नावावर आहे. आणि त्या दिवशी दोन्ही संघांत धावून सर्वांत जास्त यार्ड, ४९, यंगनेच काढले. पाय कुठे गेले नव्हते. फक्त ते आता डोळ्यांचं ऐकत होते.

तुझ्या आईसाठी एक गोष्ट लिहितो. त्याच १९९४ साली यंगने कायद्याची पदवी पूर्ण केली. हंगाम नसायचा तेव्हा तो वर्गात जाऊन बसायचा.

तू म्हणशील, काका, लमार तर पळतोच. पळतो, आणि त्याच्याइतकं सुंदर कुणी पळत नाही. त्यालाही २०१८ च्या ड्राफ्टआधी एका मोठ्या जाणकाराने रिसीव्हर हो म्हणून सांगितलं होतं. तो ठाम राहिला, म्हणूनच तू रिसीव्हर हो असं मी तुला सांगत नाही. पण त्याचेही आकडे नीट बघ. २०१९ मध्ये त्याने १,२०६ यार्ड धावून क्वार्टरबॅकचा विक्रम केला, त्याच हंगामात ३६ टचडाउन फेकींसह तो लीगमध्ये पहिला होता. २०२४ मध्ये ४१ टचडाउन फेकी आणि इंटरसेप्शन फक्त ४. हे पायांनी होत नाही.

शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं. रॉबर्ट ग्रिफिन हा क्वार्टरबॅक २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या संघात आला आणि पहिल्याच हंगामात ८१५ यार्ड धावला. डिसेंबरात गुडघा दुखावला. जानेवारीत सिअ‍ॅटलविरुद्ध लंगडत खेळत राहिला, मैदान सोडलं नाही, आणि तो गुडघा तिथेच फाटला. पुन्हा तो पूर्वीचा ग्रिफिन कधी झाला नाही. बावीस वर्षांचा होता. त्याला वेळेवर बाहेर न काढणाऱ्या मोठ्या माणसांचा मला आजही राग येतो. यंगची कारकीर्द लांबली, पण २७ सप्टेंबर १९९९ ला अ‍ॅरिझोनात एनियस विल्यम्सने त्याला पाडलं, तो निपचित पडला, आणि त्यानंतर एकही सामना खेळला नाही. तेव्हा तो पळत नव्हता. फळीच्या मागे उभा होता. म्हणजे पळणाऱ्यालाच मार बसतो असं समजू नकोस. पळताना पाय पुढे करून घसरायला शीक, दोन यार्डांसाठी खांदा घालू नकोस. आणि डोक्याला मार बसल्यावर गरगरलं, उजेड टोचला, पुढचा डाव आठवेना, तर जागा जाईल म्हणून लपवू नकोस. असा मार लागलेल्या शाळकरी खेळाडूंना जपण्यासाठी आता अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत कायदा आहे, पण तू बोललास तरच तो तुझ्या कामाला येईल.

अथर्व, हंगाम संपल्यावर शाळा बदलायचीच असेल तर आपण बोलू, मी बाबाशीही बोलेन. तोवर मला दोन वचनं दे. वही नेमाने लिहीन, आणि डोक्याला मार लागला तर त्याच क्षणी ट्रेनरला सांगेन. उत्तर फोनवर नको, लिहून पाठव. इंग्रजीत लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
श्रीकाका