पाहण्याचा अधिकार

सुटीत दूरचा प्रवास करणारी कुटुंबे आता प्रत्येक धर्मग्रामात आढळतात. कोणी केनियातील मसाई मारापर्यंत जाऊन येतो, कोणी भंडारदऱ्याला दोन दिवस काढतो. परतल्यावर आप्तांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कोणते प्राणी दिसले? फोटो काढलेत ना?’ ह्या साध्या प्रश्नाच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. रानातील प्राण्याला पाहणे हा आपला अधिकार आहे काय?

बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, ही निश्चितच प्रगती आहे. छायाचित्र घेतल्याने प्राणी मरत नाही, असे आपण मानतो. परंतु मसाई मारातील चित्त्यांविषयी २०१८ साली प्रसिद्ध झालेले संशोधन ह्या समजुतीला धक्का देते. जेथे पर्यटकांची गर्दी फार, तेथे एका वेतातील सरासरी ०.२ पिल्ले मोठी झाली. जेथे गर्दी कमी, तेथे २.३. त्या मादीला कोणी इजा केली नव्हती. तिच्याभोवती माणसे केवळ पाहत उभी होती.

भंडारदऱ्याचा परिसर १९८६ साली स्थापन झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू ह्या डोंगररानात उंच झाडांवर घरटी बांधतो. तो हलावा, चित्र चांगले यावे, म्हणून कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी खडा भिरकावला, तर पाहणाऱ्याचा एक क्षण साजरा होतो आणि त्या जिवाचा दिवस नासतो.

मग छायाचित्र घेणेच वाईट म्हणावे काय? ह्याच अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवरेकाठच्या उसाच्या मुलखात वाटांवर आपोआप चालणारे कॅमेरे लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १७९ चौरस किलोमीटरच्या दाट वस्तीच्या टापूत अकरा प्रौढ बिबटे आढळले. कोणी त्यांचा पाठलाग केला नाही, आणि शेजारी कोण राहते हे माणसाला कळले. आपली ख्रिस्ती नीती कृत्याबरोबरच हेतू आणि परिस्थितीही तपासते. छायाचित्र तेच, परंतु एक समजून घेण्यासाठी घेतलेले असते, दुसरे मिरवण्यासाठी.

ह्याच जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, टाकळी ढोकेश्वर येथे २००९ साली एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला रेडिओ-पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. संशोधकांनी त्याचे नाव ठेवले ‘आजोबा’. सुमारे महिनाभरात तो कसाऱ्याजवळचा लोहमार्ग ओलांडून, वसईच्या परिसरातून, मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत चालत गेला. अंतर शंभर किलोमीटरहून अधिक. किती घरांच्या परसांमागून तो रात्री गेला असेल! २०११च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला. उत्पत्तीच्या ग्रंथात आदामाने प्राण्यांना नावे दिली. नाव देणे म्हणजे नाते पत्करणे; आणि नाते पत्करले की जबाबदारी टाळता येत नाही.

ही जबाबदारी केवळ प्राण्यांपुरती नाही. ज्याला बिबट्या पाहायचा असतो तो पाहून घरी परततो. ज्याला तो दिसू नये असे वाटते तो तेथेच राहतो. पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे, लहान मुलेही, मृत्युमुखी पडली आहेत. रात्री पिकाला पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याची भीती आपल्या कौतुकात बसत नाही. सृष्टीवर प्रेम करताना ह्या शेजाऱ्याचा विसर पडला, तर ते प्रेम अपुरे आहे.

पाहिल्याशिवाय प्रेम कसे जडणार, असे कोणी विचारील. आक्षेप खरा आहे. परंतु प्रेमाला न दिसणेही सोसावे लागते. ईयोबाच्या ग्रंथात परमेश्वर ईयोबाला रानबकऱ्यांच्या आणि हरिणींच्या वेण्याविषयी विचारतो, आणि ईयोबापाशी उत्तर नसते. मानवाच्या नजरेबाहेरही परमेश्वराची काळजी चालूच असते. प्रत्येक जिवाला, तो आपल्या उपयोगी पडो वा न पडो, स्वतःचे मोल आहे, हे पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात आग्रहाने मांडले.

जुन्या धर्मगुरूंनी नेत्रसंयम शिकवला. तो आपण केवळ ब्रह्मचर्याशी जोडून ठेवला. रानातही त्याची तितकीच गरज आहे. दूर उभे राहावे, बोलणे थांबवावे, वाटाड्याला पैशाचे आमिष दाखवून जवळ जाऊ नये, घरट्याचा ठिकाणा जाहीर करू नये. एवढे करूनही काहीच दिसले नाही, तर मुलांना सांगावे की ते प्राणी आपापल्या घरी सुखरूप आहेत. पाहणे हा अधिकार नव्हे, ती कृपा आहे. आणि कृपा मागता येते, ओढून घेता येत नाही.