आजोबांचा तारा

 

या वेळी बालवर्गाच्या उन्हाळी शिबिराबद्दल लिहायचं ठरलं होतं. फोटो ग्रुपवर आलेच आहेत, त्यामुळे कोण आलं, काय खाल्लं ते पुन्हा सांगत नाही. एका सकाळी जे झालं ते मात्र आमच्या मनातून जात नाहीये. तेवढंच लिहितो.

आपल्या वर्गाच्या भिंतीवर ग्रहांचा एक चार्ट आहे. सूर्याशेजारी सगळे ग्रह कसे एका रांगेत, पंगतीला बसल्यासारखे. एका ताईंनी विचारलं, हा चार्ट खरा आहे का हो? हिशेब केला तर कळलं, खरा चार्ट काढताच येत नाही. पृथ्वी १ सेंटिमीटरची काढली तर नेपच्यून साडेतीन किलोमीटर लांब काढावा लागेल! कागदावर आकार खरा दाखवायचा तर अंतर खोटं होतं, आणि अंतर खरं दाखवायचं तर ग्रह दिसतच नाहीत.

म्हणून मुलांना घेऊन कमाटीबागेत गेलो. सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत. प्रमाण धरलं १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर. सूर्य झाला १४ सेंटिमीटरचा. बाजारात सुतळीने घेर मोजून मोजून एक शक्करटेटी आणली, ४४ सेंटिमीटर घेराची. (टेटीवाल्याला वाटलं ही माणसं बिघडली आहेत.) बाकीचे ग्रह स्वयंपाकघरातूनच निघाले. बुध रव्याचा कण, शुक्र आणि पृथ्वी बारीक मोहरी, मंगळ खसखस. गुरू म्हणजे खेळायची गोटी, शनी भिजवलेला काबुली चणा, आणि युरेनस-नेपच्यून दोन मिरी. प्रत्येक दाणा कार्डावर चिकटवला, कार्ड काडीला लावलं, आणि १० मीटरची दोरी घेऊन निघालो.

बुध सुमारे ६ मीटरवर. शुक्र ११ मीटरवर. पृथ्वी १५ मीटरवर. प्रकाश या प्रमाणात सेकंदाला फक्त ३ सेंटिमीटर चालतो, म्हणजे मुंगीसारखा. एका मुलीने टेटीपासून पृथ्वीपर्यंत तसं चालून बघायचं ठरवलं, आठ मिनिटं वीस सेकंद! ती दोन मिनिटांत कंटाळली, पण प्रकाशाला किती वेळ लागतो ते कधी विसरायची नाही.

हे सगळं शुक्राच्या कार्डापाशी थांबलं. ताई सांगत होत्या, "सध्या संध्याकाळी पश्चिमेला सगळ्यांत आधी जी ठळक चांदणी दिसते ना, ती ही. तारा नाही बरं का, ग्रह आहे. फार तापलेला, ४६० अंशांच्या आसपास. सूर्याजवळचा बुधसुद्धा एवढा तापत नाही, कारण शुक्राभोवती जाड हवेचं पांघरूण आहे."

एक सात वर्षांचा मुलगा म्हणाला, "पण ते तर माझे आजोबा आहेत."

आजोबा माघ महिन्यात गेले. ते आपल्यातले जुने सेवेकरी, पुष्कळांना ठाऊक आहेत. आजींनी नातवाला ओट्यावर बसवून ती चांदणी दाखवली होती. सांगितलं होतं, आजोबा तिथे आहेत, तुझ्याकडे बघतात.

आम्ही चौघं मोठी माणसं तिथे उभी होतो. एकालाही काही सुचलं नाही. शेवटी आमच्यातल्या एका काकांनी बाजी सावरायला म्हणून म्हटलं, "अरे, आजोबांचा तारा वेगळा. तो याच्या मागे आहे." मुलाने लगेच विचारलं, "मागे म्हणजे किती पावलं?"

सकाळभर त्याला आम्हीच पावलं मोजायला शिकवत होतो. तो दुसरं काय विचारणार?

पुढे गुरू ७८ मीटर, शनी १४३. सरळ रस्ता पुरला नाही, मग वाटेच्या वळणांप्रमाणे दोरी टाकत गेलो. नेपच्यून साडेचारशे मीटरवर. मागे वळून बघितलं तर टेटी केव्हाच झाडांआड गेली होती. तिथे ठरल्याप्रमाणे सांगितलं की आता यापुढचा सगळ्यांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, एका बोराएवढा, आणि तो ठेवायला आपल्याला ४००० किलोमीटर जावं लागेल, म्हणजे बडोद्याहून सिंगापूर. मुलं "बापरे" म्हणून हसली. तो मुलगा हसला नाही. नंतर सूर्य कापून सगळ्यांना वाटला, त्याने घेतला नाही.

संध्याकाळी आम्ही दोघंतिघं त्यांच्या घरी गेलो. आजींनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "बरं. चांदणी तुम्ही काढून घेतलीत. आता तुम्हीच सांगा त्याला, आजोबा कुठे आहेत."

खरं सांगतो, उत्तर नव्हतं. इतकी वर्षं प्रवचनं ऐकली, आत्मा अमर आहे हे शंभर वेळा म्हटलं. सात वर्षांच्या पोरासमोर ते वाक्य तोंडातून निघेना.

नंतर आमच्यात चांगला वाद झाला. एकीचं म्हणणं, आजींची गोष्ट कोणाला काय नडत होती? पोर झोपत होतं शांत. खरं बोलावं आणि गोडही बोलावं असं आपण लहानपणापासून ऐकतो. दोन्ही बसत नसेल तर गप्प बसावं. पण गप्प बसून तर पाहिलंच ना आम्ही शुक्रापाशी! मुलाला आमच्या गप्प बसण्यातूनही काहीतरी कळलंच.

आणि समजा त्या सकाळी बागेत गेलोच नसतो, तरी पंचांग घरात आहेच. शुक्राचा अस्त होतो, लग्नाचे मुहूर्त थांबतात, हे आपल्याला पाठ आहे. एके दिवशी ती चांदणी संध्याकाळी दिसेनाशी झाली असती आणि काही दिवसांनी पहाटे पूर्वेला उगवली असती. तेव्हा मुलाला काय वाटलं असतं? आजोबा पुन्हा गेले? ज्या दिलाशाला असा अस्त आहे तो किती दिवस पुरणार, असं आमच्यातल्या बहुतेकांचं मत पडलं. सगळ्यांचं नाही.

पण मग भिंतीवरचा चार्टसुद्धा खोटा म्हणून फाडायचा का? तो तर आम्ही काढलेला नाही, काढणारही नाही. ग्रहांचा क्रम त्यात बरोबर आहे, अंतर नाही. आता खाली एक ओळ लिहिली आहे: "यातली अंतरं खरी नाहीत." चूक चार्टची नव्हती, ही ओळ न लिहिण्याची होती. आजींच्या गोष्टीतही खरं काहीतरी होतं, आणि काकांच्या "मागे आहे"मध्ये काहीच नव्हतं. ते काकांनीही मान्य केलं.

पुढच्या रविवारी मुलाला जवळ घेऊन सांगितलं. की आजोबा शुक्रावर नाहीत. काका चुकीचं बोलले. आजोबा संपले नाहीत असं आम्ही मनापासून मानतो, पण मानणं वेगळं आणि दोरीने मोजणं वेगळं. हे आम्हाला मोजून दाखवता येत नाही.

त्याने विचारलं, "मग आजी खोटं बोलली?"

आम्ही म्हटलं, "आजोबांची आठवण तिला रोज त्याच वेळी येते आणि तेव्हा ती चांदणी समोर असते." हे उत्तर त्याला पटलं की नाही, माहीत नाही. त्याने शुक्राचं कार्ड मागितलं, आम्ही दिलं. आजी सांगतात की आता तोच त्यांना ओट्यावरून दाखवतो, "आजी, हा ग्रह आहे," आणि दोघं तो मावळेपर्यंत बसतात. आजी आमच्याशी अजून थोड्या तुटकच बोलतात.

तुमच्या घरी असा प्रश्न आला तेव्हा तुम्ही काय सांगितलंत, ते ग्रुपवर जरूर लिहा. स्वतःचं लिहा. फॉरवर्ड केलेले मेसेज नकोत.